थंडीत जुनी कास्ट आयर्न बुलेट उघडतोय, आधी कशाला हात लावू?

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, गाडी 1989 ची बुलेट 350. कास्ट आयर्न इंजिन, चार गिअर उजव्या पायाला, पॉइंटवाली (ठिणगी पॉइंटच्या उघडमिटीने पडते, इलेक्ट्रॉनिक नाही), 12 व्होल्ट. चार वर्षं शेडमध्ये उभी आहे. उभी करण्याआधी चालू होती, पण रात्रभर थांबून सकाळी स्टार्ट केली की सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट यायचा आणि पाच-सात मिनिटांत धूर जवळजवळ बंद व्हायचा. गरम झाली की मिसफायर. चेनकव्हरखाली कायम ऑइलचं डबकं. टाकीत आतून गंज, फ्रेमचा रंग गेलेला. टाकीवरच्या सोनेरी रेघा मात्र कंपनीतल्याच आहेत आणि शाबूत आहेत.

डिसेंबर ते फेब्रुवारी एवढा वेळ आहे. पाने, फीलर गेज, मल्टिमीटर घरी आहेत, लेथचं काम बाहेरून करावं लागेल. मनात असं आहे: इंजिन पूर्ण खोलून नवीन पिस्टन, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पुढचं स्प्रॉकेट एक दात मोठं, पुढे डिस्क ब्रेक आणि सगळ्या गाडीला मिलिटरी हिरवा रंग. पैसे एकदम सगळ्याला पुरणार नाहीत. क्रम कसा लावू आणि यातलं काय सोडून देऊ?

लेथवाला (कोल्हापूर)

पिस्टनचे पैसे आत्ताच बाजूला काढू नका. तुम्ही सांगितलेला धूर पिस्टन-रिंगांचा वाटत नाही. रिंगा गेलेल्या असतील तर धूर गाडी गरम झाल्यावरही राहतो आणि चढाला, लोडवर वाढतो. तुमचा धूर रात्रभर उभी राहिल्यावर येतो आणि विरतो. म्हणजे ऑइल त्याच्या टाकीतून क्रँककेसमध्ये, इंजिनाच्या खालच्या पोटात, उतरतंय.

या इंजिनात ऑइलची टाकी वेगळी नाही, क्रँककेसच्या कास्टिंगमध्येच मागच्या बाजूला कप्पा आहे. फीड पंपाची चकती आणि तिची बैठक झिजली की गाडी उभी असताना ऑइल त्या फटीतून हळूहळू झिरपून फ्लायव्हीलखाली साचतं. स्टार्ट केल्यावर फ्लायव्हील ते वर उडवतं, ऑइल रिंगांच्या वर जातं आणि जळतं. रिटर्न पंपाने खालचं ऑइल उपसलं की धूर थांबतो.

खात्री अशी करा. खाली टाकीचा ड्रेन बोल्ट वेगळा आणि क्रँककेसचा वेगळा आहे. आधी क्रँककेसचा उघडा, भांडं खाली ठेवा, किती निघतं ते मोजा. या इंजिनात एकूण 2.25 लिटर ऑइल बसतं. क्रँककेसमधून पाऊण लिटर, लिटर निघालं तर निदान पक्कं. चार वर्षं उभी गाडी हे ऑइल न काढता किक मारू नका, ऑइल ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं.

उपाय घरी होतो. टायमिंग कव्हरवर बाहेरून पंपांची दोन झाकणं दिसतात. झाकण काढलं की स्प्रिंग आणि चकती. फीडची चकती फीडलाच, रिटर्नची रिटर्नलाच, अदलाबदल नको. एक पंप उघडून पूर्ण करा, मगच दुसरा. चकतीला अगदी बारीक व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टचं बोट लावा आणि तिच्याच बैठकीवर हलक्या हाताने अर्धा-अर्धा फेरा पुढे-मागे घोटा. दोन्ही पृष्ठभागांवर सगळीकडे एकसारखा मॅट राखाडी रंग आला की थांबायचं. कुठे चकाकणारा पट्टा राहिला तर तिथे अजून टेकत नाहीये. नंतर पेस्टचा कण न् कण पेट्रोलने धुवा, ऑइलच्या भोकांतून हवा मारा. यात कुचराई नको. राहिलेली पेस्ट ऑइलबरोबर थेट बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला जाते. या इंजिनाच्या बिग एंडला रोलर नाहीत, फ्लोटिंग बुश आहे, आणि तो फक्त स्वच्छ ऑइलच्या थरावर जगतो.

कव्हर पूर्ण काढणार असाल तर दोन गोष्टी बघाच. क्रँकच्या टोकाला ऑइल जिथून आत शिरतं तिथलं छोटं सील: जुन्यात कॉर्कचं असतं, ते कडक होऊन आक्रसतं, ऑइल बिग एंडला न जाता टायमिंग केसमध्येच सांडतं. पंप चांगले आणि बिग एंड गेलेला अशा बऱ्याच इंजिनांचं कारण हे पाच-दहा रुपयांचं सील असतं. दुसरं, फेल्ट फिल्टर. त्याच्या वॉशर, स्प्रिंग आणि टोपीचा क्रम उघडतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उलटसुलट बसवला की एकतर ऑइल न गाळता पुढे जातं किंवा अडतं. टोपीचं नट ताकद लावून आवळू नका, अॅल्युमिनियमचे आटे निघून येतात. आणि क्रँकवरचं वर्म (पंप फिरवणारा गिअर) खोलायचं असेल तर लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे आहेत. सरळ समजून पाइप लावून जोर काढला की आटे संपले.

कृष्णाकाठ

क्रँककेसमधून 900 मि.लि. निघालं, काळं पण चुरा नाही. प्लग काढून किक फिरवली, इंजिन मोकळं आहे. म्हणजे हेड न उघडता पुढे जाऊ?

लेथवाला

आधी प्लगच्या भोकातून 10-15 मि.लि. इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी प्लग काढूनच सावकाश किक फिरवा. चार वर्षांत रिंगा ब्लॉकला चिकटलेल्या असतात, कोरड्या फिरवल्या तर ओरखडे पडतात.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वर. या इंजिनाला इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीला गॅप शून्य. पुशरॉड दोन बोटांत धरून सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळ जाणवता कामा नये. फिरत नसेल तर व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतोय आणि कॉम्प्रेशन कमी असल्याचा खोटा भास होईल. टॅपेट बसवल्यावर प्लग लावून किकवर उभं राहा. किक तुमचं वजन दोन-तीन सेकंद धरून हळूहळू खाली गेली तर रिंगा-व्हॉल्व्ह ठीक. धपकन गेली तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा: सुधारली तर रिंगा, नाही सुधारली तर व्हॉल्व्ह.

हेड उघडायची वेळ आलीच तर ब्लॉक मोजून घ्या. वर रिंगांच्या काठाखाली आणि अगदी तळाला, दोन्हीकडे आडवं-उभं माप. बोअर मूळ 70 मि.मी., फरक 0.20 च्या पुढे असेल तरच बोअरिंग. पिस्टन आधी विकत घ्या आणि तो हातात देऊन ब्लॉक कापायला द्या, बाजारातल्या प्रत्येक पिस्टनचं माप कागदावरच्या मापाशी जुळत नाही. ब्लॉक वर असताना कनेक्टिंग रॉड टीडीसीला धरून सरळ वर-खाली ओढा. बाजूला हललेलं चालतं. वर-खाली टक् असा जरासा जरी खेळ लागला तर क्रँक खोलायचा. क्रँक पुन्हा जोडला की सेंटरवर लावून डायलने बघितल्याशिवाय वर्कशॉपमधून उचलू नका, रनआउट (फिरताना होणारी वाकडी हालचाल) 0.05 मि.मी. च्या आत हवा.

बारा_व्होल्ट (नाशिक)

गरम झाल्यावरच्या मिसफायरबद्दल. इलेक्ट्रॉनिक इग्निशन घ्यायच्या आधी पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदला. पॉइंटचं झाकण उघडून इंजिन चालू असताना अंधारात बघा: पॉइंटमध्ये मोठी पिवळट ठिणगी नाचत असेल आणि पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा, दुसऱ्यावर टेकाड झालेलं असेल तर कंडेन्सर गेला. थंड असताना तो काम करतो, तापला की लीक होतो. लक्षण तुमचंच आहे.

पॉइंटची गॅप 0.35 ते 0.40 मि.मी., प्लगची 0.5 ते 0.6. टायमिंग आधी लावून मग गॅप लावू नका. गॅप बदलली की टायमिंग हलतं, म्हणून गॅप नेहमी आधी.

350 ला टायमिंग टीडीसीच्या आधी 0.8 मि.मी., ऑटो अॅडव्हान्स (रेस वाढली की ठिणगी लवकर पाडणारी वजनं) पूर्ण मागे असताना. बरेच जण प्लगच्या भोकातून स्पोक घालून मोजतात. भोक तिरकं आहे, स्पोकही तिरका सरकतो आणि माप फसतं. 0.8 मि.मी. म्हणजे क्रँकचे साधारण 9 ते 10 अंश. टीडीसीजवळ पिस्टन जवळपास हलतच नाही, त्यामुळे अर्ध्या मि.मी. ची चूक म्हणजे 3 अंशांची चूक. एवढ्यात किक उलटी पायावर येते किंवा इंजिन तापतं. चेनकव्हर तुम्ही उघडणारच आहात, तेव्हा क्रँकवर डिग्रीची चकती लावून करा. पॉइंट उघडण्याचा क्षण पकडायला तोंडांमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरा आणि इंजिन सावकाश फिरवत हलकेच ओढत राहा, सुटतो तो क्षण. त्याआधी ऑटो अॅडव्हान्सची वजनं हाताने उघडून सोडा. स्प्रिंगने चटकन परत आली पाहिजेत. ग्रीस सुकून अडकलेली वजनं हे इतक्या वर्षांच्या गाडीत नेहमीचंच.

वायरिंगचा हार्नेस 1989 चा असेल तर तो बदला, यात काटकसर नको. नवा टाकताना बॅटरीजवळच 15 अँपिअरचा फ्यूज आणि हेडलाइटला रिले. 60 वॉटचा हॅलोजन 12 व्होल्टवर 5 अँपिअर ओढतो, तो सगळा जुन्या स्विचच्या पितळी पत्तीतून गेला की पत्ती तापते आणि बल्ब पिवळा पडतो. अँपिअर मीटरचे मागचे दोन्ही नट तपासा. जुन्या जोडणीत बॅटरीचा करंट तिथून जातो, नट सैल झालं की सगळी गाडी एकदम मरते. रात्री लाइट लावून रेस थोडी वाढवली तरी काटा उणेच राहिला तर स्टेटरची (वीज बनवणाऱ्या कॉइलची) खैर नाही.

पॉइंट नीट लावलेले असतील तर ते वर्षभर पुरतात आणि रस्त्यात पाना-कागदाने दुरुस्त होतात. इलेक्ट्रॉनिक किटचे पैसे मी हार्नेसला वळवेन.

भोई_चेनकव्हर (पुणे)

चेनकव्हर एकाच मधल्या नटवर धरलेलं आहे, म्हणून गळायला लागलं की लोक तो नट आवळत सुटतात. आवळून गळती थांबत नाही, कव्हर मधून आत दबतं आणि कडा बाहेर उचलतात. कव्हर काढून काचेवर उपडं ठेवा, कडेखाली 0.10 चं फीलर कुठे शिरतंय बघा, तिथे लाकडी ठोकळ्यावर हलकं ठोकून सरळ करा. नवीन रबर रिंग स्वच्छ, कोरड्या खाचेत बसवा. सिलिकॉन थापायची गरज पडत नाही. ऑइल फक्त 420 मि.लि.; लेव्हल बोल्टच्या वर भरलं की मागून गिअरबॉक्सच्या बाजूने बाहेर येणारच.

कव्हर उघडं असताना प्राथमिक चेनचा ढिलेपणा मधोमध 6 मि.मी. ठेवा, चेन फिरवून सर्वात ताठ जागी मोजा. स्टेटर परत बसवताना रोटरभोवती चारही बाजूंनी 0.20 मि.मी. गॅप हवी, पितळी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या घालून आवळा. लोखंडी फीलर रोटरच्या चुंबकाला चिकटतं आणि फसवतं.

स्प्रॉकेट बदलायचं असेल तर हीच वेळ. ते क्लचच्या आणि आतल्या चेनकेसच्या मागे आहे, नंतर पुन्हा हे सगळं उघडावं लागेल. आता 16 दात असतील तर 17 ने गिअरिंग 6 टक्क्यांनी उंचावतं. सांगली-कोल्हापूरच्या सपाटीला 60-65 ला इंजिन शांत चालेल. आंबा घाट, फोंडा घाट डबल सीट नेहमीचा असेल तर 16 च ठेवा, नाहीतर तिसरा-चौथा सारखा खेळवत बसावं लागेल.

डिस्क ब्रेक मात्र सोडा. हब, फोर्कची खालची नळी, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, सगळंच बदलावं लागतं आणि जुळवाजुळव हुकली तर चाक मध्यात राहत नाही. ड्रम लेथवर गोल करून घ्या, नव्या लायनरच्या शूज त्या ड्रमच्या मापाला घासून बसवा. पहिल्यांदा उघडल्यावर लायनरवर दोन टोकांनाच घासल्याची खूण दिसेल. ती लांबीभर दिसेपर्यंत घासत आणा. जास्त ताकद हवीच असेल तर पुढच्या मॉडेलचा 7 इंची दोन कॅमचा ड्रम बसतो. त्यात दोन्ही शूज एकाच वेळी टेकतील अशी जोडपट्टीची लांबी लावावी लागते, नाहीतर दुसरी शू नुसती सोबत राहते. ब्रेकआधी टायरवरचा तारखेचा कोड वाचा. चार आकडी असतो, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. 3.25-19 चे दोन नवे टायर कुठल्याही मॉडिफिकेशनच्या आधी.

रंगशाळा (सातारा)

टाकीला बाहेरून हात लावू नका. त्या सोनेरी रेघा मद्रासच्या कारखान्यात ब्रशने हाताने ओढलेल्या आहेत, पुन्हा तशा ओढणारा हात शोधून सापडणं अवघड. बारीक रबिंग कंपाउंड आणि वॅक्स, तेही रेघ सोडून.

आतला गंज सायट्रिक अॅसिडने काढा. कोमट पाण्यात लिटरला 50 ग्रॅम, म्हणजे 14 लिटरच्या टाकीला 700 ग्रॅम. कॉक काढून भोक रबरी बुचाने बंद, तोंडाभोवती व्हॅसलिनचा जाड थर, म्हणजे सांडलं तरी रंग खाणार नाही. 12 ते 24 तास, मधून मधून बाजू बदलत. आत राखाडी धातू दिसला की ओतून लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, आणि ब्लोअरने पूर्ण सुकवा. इथे अर्ध्या तासाचा उशीर झाला तरी आत नारिंगी गंज परत धरतो, म्हणून सुकल्याबरोबर थोडं पेट्रोल आणि टू-टी ऑइल घालून सगळीकडे फिरवा. भोक पडलं असेल तर पेट्रोलची टाकी घरी वेल्डिंगला घेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच पेटते.

टाकीला आतून सीलर लावायचा मोह आवरा. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुने सीलर सोलून काढतं आणि ते पापुद्रे जेटमध्ये अडकतात. त्याच पेट्रोलमुळे पाइप, कॉकचं वॉशर, फ्लोट बाउलचं गॅस्केट नवीन घाला. मिश्रणही थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. मोकळ्या रस्त्यावर धावताना प्लग पांढरा पडला तर मेन जेट एक पायरी वर, 90 असेल तर 95.

फ्रेमला रंगाचं बोलायचं तर थंडी चांगली का, तर घाटावर हवेत दमटपणा कमी असतो, पीयू रंगाला पांढरी झाक येत नाही. पण रात्री गारठा आणि पहाटे दव. फवारणी सकाळी 11 ते 3 मध्ये संपवा, पत्र्याच्या शेडमध्ये रात्री पत्र्यावरून थेंब पडतात हे लक्षात घ्या आणि पहिल्या रात्री भाग घरात ठेवा. पावडर कोटिंग टिकाऊ आहे, पण थर जाड बसतो. स्टिअरिंगच्या वाट्या, इंजिनच्या बोल्टच्या जागा, अर्थिंगचा बोल्ट आणि चेसिस नंबर टेप लावून झाकल्याशिवाय फ्रेम देऊ नका.

नोंदणी_पुस्तक (मुंबई)

चेसिस नंबरचं वरचं फार महत्त्वाचं आहे. 1989 ची नोंदणी 15 वर्षांनी 2004 ला संपली, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे 2009, 2014, 2019, 2024. गाडी चार वर्षं उभी होती तर 2024 चं राहिलं असण्याची शक्यता मोठी. फॉर्म 25 भरून गाडी आरटीओत दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने कागदावर ठसा घेतात. तो कोटिंगखाली बुजला तर गाडी परत पाठवतील. कोटिंगला द्यायच्या आधी स्वतः एक ठसा आणि स्पष्ट फोटो काढून ठेवा.

मिलिटरी हिरवा विसरा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलाच्या वाहनांना आहे. दुसरा कुठलाही रंग बदललात तर तो आरसी बुकात नोंदवून घ्या. सायलेन्सर मूळचाच राहू द्या.

कृष्णाकाठ

ठरलं तर मग. पंप, सील, कंडेन्सर, हार्नेस, चेनकव्हर, ब्रेक शूज, टायर. रंग काळाच, फक्त फ्रेमला. डिस्क आणि इग्निशन किट रद्द. पंप घोटून झाल्यावर पहिल्यांदा स्टार्ट करताना काय काळजी?

लेथवाला

पंप कोरडे असतात, ते स्वतःहून लगेच ऑइल ओढत नाहीत. फिल्टरचा कप्पा ऑइलने काठोकाठ भरा, टायमिंग कव्हरवर क्रँकसमोरचा प्लग काढून तिथूनही ऑइल सोडा. ऑइलच्या टाकीत 20W50, पट्टीवरच्या खुणेपर्यंत. स्पार्क प्लग काढून, डिकॉम्प्रेसर (कॉम्प्रेशन सोडणारा लिव्हर) दाबून तीसेक किक. मग रॉकरला जाणाऱ्या ऑइल पाइपचा बोल्ट अर्धा फेरा सैल करा आणि किक मारत राहा. तिथून बुडबुडे येऊन मग सलग ऑइल यायला लागलं की आवळा. हे दिसेपर्यंत प्लग लावायचा नाही.

स्टार्ट झाल्यावर एक मिनिट मध्यम रेसवर, अगदी मंद आयडलवर नको, पंप हळू चालतात. बंद करून क्रँकसमोरचा प्लग पुन्हा थोडा सैल करून ऑइल येतंय का बघा. हेड उघडलं असेल तर पहिल्यांदा पूर्ण तापून पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट आडव्या-तिरक्या क्रमाने पुन्हा आवळा आणि लगेच टॅपेट परत लावा, गॅस्केट दबली की पुशरॉड अडकतो. पहिलं ऑइल 300 किलोमीटरला काढा, ते पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात तिरकं धरा. राखाडी झाक चालते, धातूच्या कणांची चमक दिसली तर बिग एंड किंवा बुश बघायला थांबा. आणि एक रात्र गाडी उभी ठेवून सकाळी किक मारायच्या आधी क्रँककेसचा बोल्ट उघडून मोजा. 100 मि.लि. च्या आत असेल तर चकत्या बसल्या.